कागदावरचं मत: टपाली मतपत्रिका कोणाला मिळते, कशी भरायची आणि ती बाद का होते

निवडणूक जाहीर झाली की दोन प्रश्न हमखास येतात. घरातल्या आजींना केंद्रापर्यंत नेणं शक्य नाही, घरी मत देता येईल का, हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो: मशीनवर भरवसा नाही, कागदावर मत द्यायचंय, टपाली मतपत्रिका मागवता येते का? पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा 'हो, पण पाच दिवसांत अर्ज द्या' असं असतं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' एवढंच आहे.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कारण न सांगता टपालाने मत देता येतं. आपल्याकडे तसं नाही. टपाली मत ही निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये ठरावीक गटांना दिलेली सोय आहे. त्या गटात बसत असाल तर ती मिळते, नसाल तर कितीही सबळ कारण असलं तरी मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने गावापुरतं मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचं ठरवलं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. त्याआधी २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं हे दाखवणाऱ्या, मशीनला जोडलेल्या यंत्रात छापल्या जाणाऱ्या) मोजण्याची मागणी फेटाळली होती. तेव्हा हा रस्ता बंद आहे, हे आधी पक्कं समजून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जी मशीनविरोधी चर्चेत कुणी फारशी काढत नाही. यंत्रावर दिलेलं मत बाद ठरत नाही. कागदावरचं ठरतं, आणि बहुतेक वेळा मतदाराच्याच हातून झालेल्या चुकीमुळे. म्हणून ज्यांना टपाली मताचा हक्क आहे त्यांनी पाकिटांचं प्रकरण नीट शिकून घ्यावं. या लेखातला बराच भाग त्यावरच आहे.

इथे सांगितलेलं सगळं लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपुरतं आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे नियम वेगळे असतात. तिथे हे नमुने आणि मुदती गृहीत धरू नका.

हक्क कोणाला आहे

वय वर्षे ८५ पूर्ण झालेले मतदार. ही मर्यादा आधी ८० होती, १ मार्च २०२४ च्या दुरुस्तीने ती वाढली. त्यामुळे २०१९ नंतरच्या एखाद्या निवडणुकीत 'ऐंशीच्या पुढे घरून मत' असं ऐकलेलं असेल तर ते आता चालत नाही. वय धरलं जातं ते मतदार यादीत नोंदलेलं, आणि गोची इथेच होते. जुन्या पिढीची जन्मतारीख अंदाजे लिहिलेली असते. प्रत्यक्षात ८७ वर्षांचे आजोबा यादीत ८१ चे निघतात. ही दुरुस्ती नमुना ८ भरून करायची असते, तीही निवडणुकीची घोषणा होण्याआधी. घोषणा झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार. इथे वयाची अट नाही. प्रमाणपत्राची प्रत अर्जासोबत लागते. यादीत दिव्यांग म्हणून नोंद नसेल तर तीही नमुना ८ मधूनच करून घ्यावी. नोंद असली की बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, आपणहून अर्ज घेऊन दारात येतो, नसली तर तुम्हाला त्याच्या मागे लागावं लागतं.

अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी, म्हणजे मतदानाच्या दिवशी कामावर असल्यामुळे केंद्रावर जाऊ न शकणारे. रेल्वे, वीज, आरोग्य, अग्निशमन अशी खाती आणि आयोगाने परवानगी दिलेले पत्रकार यांत येतात. मात्र ही यादी प्रत्येक निवडणुकीत अधिसूचित होते. आपलं खातं त्यात आहे का, हे खात्याच्या नोडल अधिकाऱ्याला (या कामासाठी खात्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला) विचारावं. अर्जावर त्याची सही लागतेच.

निवडणूक कामावर नेमलेले शिक्षक, कर्मचारी, पोलीस, चालक. सैन्यदल आणि निमलष्करी दलातले, राज्याबाहेर तैनात असलेले राज्य पोलीस, परदेशी वकिलातीत नेमलेले केंद्राचे कर्मचारी, म्हणजे 'सेवा मतदार'. आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेले.

कोण नाही, तेही सांगायला हवं, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. पुण्यात शिकणारा लातूरचा विद्यार्थी नाही. कंपनीच्या कामासाठी बेंगळुरूला गेलेला नाही. रुग्णालयात दाखल असलेला ६० वर्षांचा रुग्ण नाही. परदेशात राहणारा, भारतीय पारपत्र असलेला आणि नमुना ६-अ भरून यादीत आलेला मतदारही नाही. त्याला पारपत्र घेऊन प्रत्यक्ष केंद्रावरच यावं लागतं.

पाच दिवस, पण कधीपासून

ज्येष्ठ, दिव्यांग आणि अत्यावश्यक सेवा या तिन्ही गटांचा अर्ज एकच, नमुना १२-ड. बोलताना सगळे 'बारा डी' म्हणतात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. घोषणा आणि अधिसूचना या दोन वेगळ्या तारखा आहेत. टीव्हीवर पत्रकार परिषद होते, आचारसंहिता लागते, ती घोषणा. अधिसूचना त्यानंतर निघते आणि त्याच दिवसापासून उमेदवारी अर्ज घेणं सुरू होतं.

२०२४ ची विधानसभा घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ऑक्टोबरला. पुढचे पाच दिवस २७ ऑक्टोबरला संपले. तो रविवार होता, आणि दिवाळी तोंडावर आलेली. मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे अजून तीन आठवडे लांब. त्यामुळे 'मतदान जवळ आलं की बघू' म्हणणाऱ्यांची मुदत फराळाच्या गडबडीत निघून जाते. घोषणा झाली त्याच दिवशी अधिसूचनेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि अर्जाचं काम तिच्या पहिल्याच दिवशी उरकावं.

बारा डी भरताना

१. अर्ज बीएलओकडे मिळतो, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो, आयोगाच्या संकेतस्थळावरही असतो. पात्र मतदारांच्या घरी बीएलओने स्वतः जाऊन अर्ज द्यायचा आणि भरलेला परत न्यायचा, अशी रीत आहे. तुमचा बीएलओ कोण हे माहीत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारा.

२. ओळखपत्राचा क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक, या तिन्ही गोष्टी ताज्या यादीतून उतरवून घ्या. जुन्या मतदार चिठ्ठीवरून नको. यादी सुधारली की अनुक्रमांक सरकतात, आणि अर्जावरचा क्रमांक चुकला की तो दुसऱ्याच मतदाराच्या नावासमोर जातो.

३. मोबाइल क्रमांक असा द्या की जो घरात उचलला जातो. पथक येणार असल्याचा निरोप त्यावरच येतो. आजोबांच्या नावावरचा, पण कपाटात बंद पडलेला फोन लिहू नका.

४. दिव्यांग मतदाराने प्रमाणपत्राची प्रत जोडावी. अत्यावश्यक सेवेतल्याने नोडल अधिकाऱ्याचं प्रमाणन अर्जातल्या त्याच्या भागात घ्यावं. वेगळ्या चिठोऱ्यावर नको.

५. सही किंवा अंगठा मतदाराचाच हवा. पोच घ्या आणि जपून ठेवा.

अर्ज करायलाच हवा असं नाही. ८५ वर्षांच्या आजी केंद्रावर जाऊन मशीनवरच मत देईन म्हणत असतील तर तो त्यांचा हक्क आहे. बीएलओने तसं नोंदवून घ्यायचं. पण अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे 'पीबी', म्हणजे पोस्टल बॅलट, अशी खूण पडते, आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. 'अर्ज तर करून ठेवू, तब्येत बरी असली तर केंद्रावर जाऊ' हा हिशेब चालत नाही. दोन्ही वाटांपैकी एकच निवडावी लागते.

न मागता कुणी तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या नावाने बारा डी भरला असेल, अशी शंका असल्यास मतदानाच्या दिवसापर्यंत थांबू नका. मंजूर झालेल्या मतदारांची यादी उमेदवारांना दिली जाते. कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याकडून ती पाहून घ्या आणि चूक असेल तर लगेच लेखी तक्रार द्या. केंद्रावर गेल्यावर 'पीबी' दिसला की तिथला केंद्राध्यक्ष काही करू शकत नाही.

पथक घरी येतं तो दिवस

ठरलेल्या दिवशी दोन मतदान अधिकारी, व्हिडिओ काढणारा आणि पोलीस असं पथक येतं. वेळापत्रक उमेदवारांनाही कळवलेलं असतं, त्यामुळे त्यांचा प्रतिनिधी सोबत असू शकतो. मतदार घरी नसेल तर पथक पुन्हा एकदा येतं. दुसऱ्यांदाही भेट झाली नाही तर संधी गेली, आणि 'पीबी' खुणेमुळे केंद्रही बंद. म्हणून त्या आठवड्यात दवाखान्याची तपासणी, लेकीकडे जाणं वगैरे पुढे ढकला.

पथक ओळख पटवतं, मतपत्रिका देतं आणि आडोसा उभा करतं. चित्रीकरण प्रक्रियेचं असतं, मत कुणाला दिलं त्याचं नव्हे. कॅमेरा आडोशाच्या आत डोकावत असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या. घरातल्या मंडळींनी त्या वेळी बाजूला व्हावं. हे लिहायला अवघड वाटतं, पण घरच्या मतदानात गुप्ततेला सगळ्यात मोठा धोका बाहेरच्यांचा नसतो. मुलगा पाठीमागून वाकून 'इथे कर, आई' म्हणतो, तिथे केंद्रावर मिळणारं एकांताचं संरक्षण संपतं. दृष्टी अधू असेल, हात थरथरत असतील, तर मतदाराला स्वतःच्या पसंतीची १८ वर्षांवरील व्यक्ती मदतीला घेता येते. पसंती मतदाराची असावी, मदतनिसाची नव्हे.

मत नोंदवल्यावर पाकिटं मतदाराच्या समोरच बंद झाली पाहिजेत आणि ती पथकाच्याच हाती द्यावीत. 'राहू द्या, आम्ही नंतर चिकटवतो' हे ऐकून घेऊ नका.

अत्यावश्यक सेवेतल्यांकडे पथक येत नाही. त्यांच्यासाठी टपाली मतदान केंद्र उघडतं. ते ठरावीक तीन दिवस सकाळी ९ ते सायंकाळी ५ असतं. तिन्ही दिवस ड्युटी लागू नये, ही काळजी वरिष्ठांना आधी सांगून घ्यावी.

निवडणूक कामावर असाल तर

इथे दोन कागद आहेत आणि दोन्हींचे परिणाम अगदी वेगळे. नमुना १२ भरला तर टपाली मतपत्रिका मिळते, म्हणजे कागदी मत. नमुना १२-अ भरला तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ईडीसी मिळतं. ते दाखवून ज्या केंद्रावर ड्युटी आहे तिथेच मशीनवर मत देता येतं. ईडीसी मिळायला ड्युटी आणि मत एकाच मतदारसंघात असायला हवं. लोकसभेला मतदारसंघ मोठा, त्यामुळे पुष्कळांना ईडीसी मिळतं. विधानसभेला कर्मचारी सहसा स्वतःच्या मतदारसंघाबाहेर पाठवले जातात, म्हणून तिथे टपाली मतपत्रिका हाच मार्ग उरतो.

नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी आणि १२-अ किमान चार दिवस आधी द्यायचा, असं नियमात आहे. व्यवहारात पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशीच अर्ज भरून घेतात. नियुक्ती आदेशाची प्रत आणि यादीतला आपला भाग व अनुक्रमांक त्या दिवशी खिशात ठेवा. प्रशिक्षणाच्या सभागृहात शेकडो जण एकाच वेळी मोबाइलवर यादी शोधायला लागतात आणि संकेतस्थळ बसतं, हा दर वेळचा अनुभव आहे. दुसऱ्या मतदारसंघातल्या मतपत्रिका तिकडून मागवाव्या लागतात, त्यामुळे अर्जाला उशीर झाला की मतपत्रिका वेळेत पोचत नाही.

पूर्वी मतपत्रिका घरी नेऊन, भरून, मतमोजणीपर्यंत कधीही पाठवता यायची. त्या काळात ती गोळा करत फिरणारी मंडळीही असायची. ऑगस्ट २०२३ मध्ये नियम बदलला. आता निवडणूक कामावरच्या मतदाराने सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत नोंदवायचं आणि तिथेच परत द्यायची. मतपत्रिका बाहेर न्यायची नाही. साक्षांकन करणारा अधिकारीही तिथेच बसलेला असतो. साधारणपणे दुसऱ्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी हे केंद्र असतं. जेवणाच्या सुटीत रांग फार वाढते, म्हणून सकाळी आल्या आल्या मत देऊन मोकळं व्हावं.

सैनिकांसाठी थोडक्यात

सेवा मतदाराला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते, परत मात्र टपालानेच येते. ती उघडायला ओटीपी आणि पिन लागतात. छापताना कागदाच्या एकाच बाजूला, स्वच्छ आणि पूर्ण आकारात छापावी. घोषणापत्र आणि पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्याही त्यासोबत येतात. त्यांवरचे क्यूआर कोड मतमोजणीच्या वेळी वाचले जातात. कोडवरून घडी गेली, डिंक सांडला किंवा प्रिंटरची शाई फिकी पडली की तिथे अडचण येते. पहिलं पाकीट पोचलं की नाही अशी शंका आली म्हणून दुसरं पाठवू नका. एकाच क्रमांकाची दोन पाकिटं निघाली की ती यंत्रणेत अडकतात. देशात पाठवायला तिकीट लागत नाही. चौकीवरून गावच्या जिल्ह्यापर्यंत टपालाला किती दिवस लागतात हे तिथल्या जुन्या मंडळींना विचारून, मतपत्रिका आली त्याच दिवशी भरून द्यावी.

दोन पाकिटं आणि एक घोषणापत्र

मतपत्रिकेसोबत चार गोष्टी हाती येतात. नमुना १३-अ म्हणजे घोषणापत्र. १३-ब म्हणजे लहान पाकीट, त्यावर 'ए' लिहिलेलं असतं. १३-क म्हणजे मोठं पाकीट, त्यावर 'बी'. आणि १३-ड म्हणजे सूचनांचा कागद, जो बहुतेक जण न वाचता घडी करून ठेवतात. तो आधी वाचावा.

क्रम असा. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावासमोर स्वतःच्या पेनाने एक स्पष्ट खूण करा. बरोबरची किंवा फुलीची, कुठलीही चालते. नोटाही मतपत्रिकेवर असतो. खूण त्या उमेदवाराच्या रकान्यातच पूर्ण मावली पाहिजे. दोन नावांमधल्या रेघेवर फुली पडली की मत कुणाला हे सांगता येत नाही, आणि ते बाद होतं. चुकून दुसरीकडे खूण झाली म्हणून खोडून, 'हे नाही, हे' असं लिहिणं म्हणजे मत घालवणं.

मतपत्रिकेवर सही करू नका. नाव, आद्याक्षरं, अंगठा, 'जय महाराष्ट्र', काहीही नको. आयुष्यभर प्रत्येक सरकारी कागदावर सही करायची सवय लागलेल्या माणसाचा हात आपोआप खाली जातो. मतदार ओळखू येईल अशी कोणतीही खूण असलेली मतपत्रिका बाद करा, असा स्पष्ट नियम आहे.

मग मतपत्रिका घडी करून एकटीच लहान पाकिटात घाला आणि पाकीट चिकटवा. त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहिलेला आहे ना ते तपासा, नसेल तर लिहा.

आता घोषणापत्र. त्यावर मतपत्रिकेचा तोच अनुक्रमांक, तुमचं नाव, पत्ता आणि सही. ही सही अधिकाऱ्यासमोर करायची आणि त्याने ती साक्षांकित करायची. घरी पथकातला अधिकारी, सुविधा केंद्रात तिथला नेमलेला अधिकारी, सैन्यात तुकडीचा नेमलेला अधिकारी. साक्षांकन करणाऱ्याने सहीसोबत नाव, पद आणि शिक्का टाकला का ते तिथेच पाहून घ्या. त्यासाठी दोन मिनिटं थांबवायला संकोच करू नका.

शेवटी बंद केलेलं लहान पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात घाला आणि ते बंद करा. घोषणापत्र लहान पाकिटाच्या बाहेर राहतं. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घोषणापत्र मतपत्रिकेसोबत लहान पाकिटात कोंबणं.

असा द्राविडी प्राणायाम का? मतमोजणीच्या टेबलावर काय होतं ते पाहिलं की उलगडा होतो. आधी मोठं पाकीट उघडतात. त्यातून घोषणापत्र बाहेर येतं, त्यावरची सही, साक्षांकन आणि अनुक्रमांक पाहतात आणि तो अनुक्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी ताडतात. घोषणापत्रच नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल किंवा क्रमांक जुळत नसेल तर लहान पाकीट उघडतच नाहीत. मत कुणाला दिलं होतं हे कधी कळतच नाही. सगळी घोषणापत्रं एका वेगळ्या लखोट्यात सीलबंद झाल्यावरच लहान पाकिटं उघडली जातात. नाव एकीकडे आणि मत दुसरीकडे अशी फारकत झाल्यावर कोणी कुणाला मत दिलं हे तिथल्या कुणालाही कळू शकत नाही. मतपत्रिकेवर सही केली की हीच फारकत मोडते, म्हणून ती बाद.

टपालाने येणारी पाकिटं मतमोजणीच्या ठरलेल्या वेळेआधी पोचली पाहिजेत. उशिरा आलेलं पाकीट न उघडता बाजूला ठेवलं जातं. कारण काहीही असो.

हे इतकं जपायचं कशाला

४ जून २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात मशीनवरची मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांची ४,५१,०९५ होती आणि रवींद्र वायकर यांची ४,५१,०९४. एका मताचा फरक. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरलेली टपाली मतं होती १११. म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. अशा वेळी, विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी सगळी बाद मतं पुन्हा तपासलीच पाहिजेत, असा आयोगाचा आदेश आहे. त्याप्रमाणे ती पुन्हा तपासली गेली. उमेदवाराच्या प्रतिनिधींनी हा आदेश छापून सोबत ठेवावा. टपाली मतांच्या टेबलावर नवखा माणूस बसवून अनुभवी माणसाला मशीनच्या टेबलावर पाठवणं ही पक्षांची जुनी खोड आहे. वाद घालण्याजोगं सगळं कागदाच्या टेबलावर असतं.

त्या मतमोजणीनंतर 'मोबाइलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं' अशी बातमी फिरली होती. ओटीपीने मशीन उघडत नाही. तो लागतो सैनिकांच्या टपाली मतांच्या यंत्रणेत आत शिरायला. संशय घ्यावा, पण योग्य यंत्रावर.

टपाली मत मिळत नसेल, तर

मशीनवर मत देणाऱ्यालाही थोडा कागद मिळतो, तो वापरावा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. बीप वाजला की लगेच वळून निघणारे फार. सात सेकंद काचेकडेच पाहायचं, मग निघायचं.

चिठ्ठीवर वेगळं नाव दिसलं तर बाहेर जाऊन व्हिडिओ करू नका, केंद्राध्यक्षाला तिथेच सांगा. नियम ४९-एमए प्रमाणे तो तुमच्याकडून लेखी घोषणापत्र घेतो आणि मतदान प्रतिनिधींच्या समोर तुम्हाला चाचणी मत द्यायला लावतो. तक्रार खरी निघाली तर त्या मशीनवरचं मतदान थांबतं. खोटी ठरली तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा होतो, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चाचणी मत तुमच्या पसंतीचं असायला हवं असं नाही आणि ते सगळ्यांच्या देखत होतं, त्यामुळे खरं मत गुप्तच राहतं. या कलमाच्या धाकाने लोक गप्प बसतात, हे खरं आहे, आणि नियमाची ही बाजू आम्हालाही पटत नाही. पण चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी नीट वाचली असेल तर बोला.

पक्षाचा मतदान प्रतिनिधी असाल तर दोन गोष्टी सोडू नका. सकाळी मतदानापूर्वी किमान ५० मतांचा मॉक पोल होतो, त्याला हजर राहा. त्यानंतर मशीनमधली मतं पुसली गेली आणि व्हीव्हीपॅटमधल्या चाचणीच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या हे स्वतः पाहा. ते विसरलं की संध्याकाळी आकडे जुळत नाहीत आणि मग अफवा पसरते. आणि मतदान संपल्यावर नमुना १७-क ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. त्या केंद्रावर किती मतं पडली हे सांगणारा तो एकमेव सहीचा कागद. मतमोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटवरचा (मतं साठवणाऱ्या मशीनच्या भागावरचा) आकडा त्याच्याशी जुळवायचा. मोजणीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते. हा हक्क उमेदवाराचा आहे, मतदाराचा नाही.

आणि एक प्रसंग असा आहे, जिथे साध्या मतदाराच्या हातात आजही कागदी मतपत्रिका आणि शिक्का येतो. केंद्रावर गेल्यावर 'तुमचं मत तर झालंय' असं सांगण्यात आलं तर परत फिरू नका. प्रदत्त मत, म्हणजे टेंडर व्होट, मागा. केंद्राध्यक्ष ओळख पटवण्यासाठी प्रश्न विचारतो, नमुना १७-ब मध्ये सही घेतो आणि मतपत्रिका देतो. आडोशात जाऊन बाणफुलीचा शिक्का उमेदवाराच्या नावासमोर मारायचा, घडी करून केंद्राध्यक्षाकडे द्यायची. ती वेगळ्या लखोट्यात जाते. हे मत मतमोजणीत धरलं जात नाही. ते उघडायचं तर निवडणूक याचिकेत न्यायालयाचा आदेश लागतो. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा इथे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हाच्या खटल्यात प्रदत्त मतांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्राध्यक्ष 'तशा मतपत्रिका आमच्याकडे नाहीत' म्हणाला तर त्याला मतदान साहित्याची यादी उघडायला सांगा. त्या प्रत्येक केंद्राला दिलेल्या असतात.